घाई, काटकसर आणि एक फ्लास्क: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

या वेळी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवणार आहे, कारण मागच्या प्रकल्पात कुठला आकडा कुठून आला हे शेवटी कुणालाच सांगता येईना, मला तर अजिबात नाही. विषय पक्का झालाय: जीवाणूंमध्ये वाढीच्या वेगवेगळ्या तऱ्हा कशा तयार होतात. खऱ्या कल्चरवर (फ्लास्कमध्ये वाढवलेल्या जीवाणूंवर) करायचं तर रोज ट्रान्सफर, म्हणजे त्यातले थोडे नव्या अन्नात टाकणं, तेही कित्येक महिने, आणि आमच्या हातात एकच सेमिस्टर, म्हणून मी आणि पार्टनर मिळून सगळं सिम्युलेशनमध्येच करायचं ठरवलंय. पायथन, एक लॅपटॉप, बास.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जो जास्त वेगाने वाढतो तो जिंकतो, एवढं सांगायला प्रकल्प कशाला हवा?" मी काहीतरी पुटपुटले. घरी येऊन विचार केला तर उत्तर खरंच नव्हतं माझ्याकडे. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न तसाच लिहून ठेवलाय.

९ जानेवारी

दोन दिवस नुसतं वाचन. जाक मोनोचं समीकरण आधी नुसतं पाठ केलं होतं, आता कुठे कळलं. वाढीचा वेग = कमाल वेग × ग ÷ (के + ग). ग म्हणजे उरलेलं ग्लुकोज आणि के म्हणजे ज्या ग्लुकोजला वेग बरोबर निम्म्यावर येतो तो आकडा. के लहान असेल तर अगदी थोड्या अन्नातही तो जीवाणू बऱ्यापैकी वाढत राहतो, के मोठा असेल तर अन्न भरपूर असेपर्यंतच त्याची मजा.

म्हणजे आमच्याकडे फिरवायला चार बटणं आहेत: लॅग किती (नव्या अन्नात गेल्यावर वाढ सुरू व्हायला लागणारा वेळ), कमाल वेग किती, के किती, आणि तेवढ्याच ग्लुकोजमधून किती पेशी निघतात, म्हणजे यील्ड. तऱ्हा म्हणजे या चार बटणांचं सेटिंग. पार्टनर म्हणाला पाचवं पण घे, उपाशी असताना मरण्याचा वेग. त्याला म्हटलं आधी चार तर नीट चालू दे.

वाचताना एक गोष्ट फार आवडली. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूला आपला डीएनए एकदा पूर्ण कॉपी करायला साधारण ४० मिनिटं लागतात आणि चांगल्या मीडियममध्ये (अन्नाच्या द्रावणात) तो २० मिनिटांत दुप्पट होतो. मग हे जमतं कसं? तर पहिली कॉपी संपायच्या आतच दुसरी सुरू, दुसरी संपायच्या आत तिसरी. म्हणजे जन्माला येणाऱ्या पेशीत तिच्या पुढच्या पिढ्यांची कॉपी आधीच चालू झालेली असते. वेग हा असा जुगाड करून मिळवलेला असतो, फुकट येत नाही.

११ जानेवारी

पहिला कोड चालला आणि पहिलाच प्लॉट चुकीचा. ग्लुकोज शून्याच्या खाली गेलं. टाइम स्टेप ०.१ तासाची ठेवली होती, शेवटच्या स्टेपला पेशी इतक्या जास्त की उरलंय त्याहून जास्त खाऊन टाकतात. स्टेप लहान केली, शिवाय ग्लुकोज शून्याच्या खाली जाऊच नये अशी अट घातली.

दुसरी गंमत जास्त वाईट होती. हरलेला स्ट्रेन (जीवाणूचा वाण) ०.००००००१ पेशी एवढा होऊन बसायचा आणि परिस्थिती बदलली की तिथून उठून परत यायचा. पेशीचा एवढासा तुकडा कधी जगत नाही. आता १ पेशीच्या खाली गेलं की सरळ शून्य.

१४ जानेवारी

आज पहिली खरी मॅच. नावं दिल्याशिवाय मला डोक्यात राहत नाही म्हणून एकीचं नाव घाई आणि दुसरीचं काटकसर.

घाई: कमाल वेग तासाला १.०, यील्ड १. काटकसर: वेग ०.८, पण तेवढ्याच ग्लुकोजमधून दीडपट पेशी. लॅग दोघींना सारखा, के दोघींचा अगदी लहान. रोज संपलेल्या कल्चरचा शंभरावा भाग नव्या मीडियममध्ये टाकायचा.

असा सौदा खरोखर असतो, हवेतून काढलेला नाही. ई. कोलायला भरपूर ग्लुकोज दिलं की ऑक्सिजन असूनही तो सगळं ग्लुकोज पूर्ण जाळत नाही, अर्धवट वापरून अ‍ॅसिटेट बाहेर टाकतो. एका ग्लुकोजमागे ऊर्जा कमी मिळते, पण श्वसनाच्या मोठ्या यंत्रणेवर प्रोटीन खर्च करावं लागत नाही आणि ते प्रोटीन रायबोसोम, म्हणजे प्रोटीन तयार करणारी यंत्रं, बनवायला मोकळं होतं. उधळपट्टी आहे खरी, पण हिशोब करून केलेली.

घाई फक्त १ टक्क्याने सुरू केली, बाकी ९९ टक्के काटकसर. सातव्या ट्रान्सफरनंतर घाई ९४ टक्के. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काटकसर एकटी असताना फ्लास्कमध्ये दिवसाच्या शेवटी जेवढ्या पेशी असायच्या त्याच्या दोन तृतीयांशच आता उरतात. सगळ्यांचं मिळून नुकसान झालं तरी घाईच जिंकली, कारण काटकसरीने वाचवलेलं ग्लुकोज तिच्या नावावर जमा होत नाही ना, ते त्याच फ्लास्कमध्ये सगळ्यांसमोर पडून राहतं आणि जो आधी पोचेल तो घेतो.

यील्डचं बटण १.५ वरून ३ केलं. शेवट तोच. काटकसरीचं भलं व्हावं म्हणून मी तिचं यील्ड वाढवत होते आणि त्यातला मोठा वाटा घाईच्या पदरात पडत होता.

मॅडमचं वाक्य इथपर्यंत तरी बरोबर निघालं, थोडी चिडचिड झाली.

१९ जानेवारी

पार्टनरने एक पेपर आणला, २०१३ चा, बाखमान आणि सहकाऱ्यांचा. लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचा जीवाणू, तोच दही-चीजवाला. त्यांनी मीडियम तेलात घुसळून लाखो थेंब केले, एका थेंबात जास्तीत जास्त एकच पेशी जाईल इतपत पातळ, थेंबातलं अन्न संपेपर्यंत वाढू दिलं, मग सगळे थेंब फोडून एकत्र केले आणि परत नवे थेंब. असं करत राहिल्यावर हळू वाढणारे पण जास्त पेशी काढणारे म्युटंट वर आले. थेंबात शेजारीच नाही, म्हणून वाचवलेलं सगळं आपल्याच पोरांना.

वाचल्यावर मला ते इतकं उघड वाटलं की आधी का सुचलं नाही असं झालं. लगेच थेंबांचा कोड लिहायला घेतला.

२१ जानेवारी

थेंब चालेनात. काटकसर इथेही हरतेय! तेही दणकून.

पहिली चूक लगेच सापडली, मी थेंब साडेचार तासांतच फोडत होते. तेवढ्यात घाई जवळजवळ शंभरपट होऊन मोकळी होते आणि काटकसर अजून चाळीसपटीच्याही खाली असते, तिचं निम्म्याहून जास्त ग्लुकोज तसंच शिल्लक. तिला दीडशेपर्यंत पोचायला सव्वासहा तास लागतात. वाट बघायची तयारी नसेल तर काटकसरीचा उपयोग शून्य. आता ८ तास.

तरी हरतेय. आता दणकून नाही, हळूहळू, दर सायकलला साधारण ९ टक्क्यांनी मागे पडतेय. आज इथेच सोडते, डोकं चालत नाही.

२२ जानेवारी

सापडलं, आणि ही चूक नव्हतीच खरं तर, हाच आमचा पहिला चांगला रिझल्ट आहे. थेंबामागे सरासरी २ पेशी ठेवल्या होत्या, उगाच, पहिला आकडा सुचला तो टाकला. पेशी थेंबांत नशिबाने पडतात, कुठे शून्य, कुठे एक, कुठे तीन. सरासरी २ असली की एकटीला थेंब मिळायचं प्रमाण फार कमी राहतं. एका थेंबात दोघी एकेक असल्या तर शेवटी घाईच्या साधारण ८० पेशी आणि काटकसरीच्या ३३. एकट्या असत्या तर १०० आणि १५०. म्हणजे एक शेजारीण आली की १५० चे ३३.

मग सरासरी बदलत गेले. काटकसर दुर्मिळ असताना एका सायकलमध्ये घाईच्या तुलनेत ती किती पट होते ते बघितलं. थेंबामागे सरासरी ०.३ पेशी असताना १.३८ पट. सरासरी १ असताना १.१५ पट. सरासरी २ असताना ०.९१ पट, म्हणजे तोटा. कुठेतरी १ आणि २ च्या मध्ये पारडं फिरतं. स्ट्रेन त्याच, आकडे तेच, बदललं काय तर शेजार किती दाट आहे एवढंच.

मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी प्लॉटच्या अक्षांना नावं नाहीत हे सांगितलं, मग बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "थेंब तुम्ही केलेत, जीवाणूने नाही. त्याला हे थेंब निसर्गात कोण करून देतं?" मी म्हटलं मातीचे कण, बायोफिल्म, वेगवेगळ्या जागी बसलेल्या छोट्या वसाहती. म्हणाल्या, "मग तसं लिही, थेंब थेंब काय करतेस."

२७ जानेवारी

वाचन, पण कामाचं. खऱ्या जगात हा स्पेक्ट्रम किती लांब आहे ते बघायचं होतं. एका टोकाला व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स, खारट पाण्यातला, सगळं मनासारखं असलं तर १० मिनिटांच्या आसपास दुप्पट. दुसऱ्या टोकाला कुष्ठरोगाचा मायकोबॅक्टेरियम लेप्री, त्याला दुप्पट व्हायला साधारण दोन आठवडे. क्षयाचा जीवाणू मध्ये कुठेतरी, जवळपास एक दिवस, म्हणूनच त्याचं कल्चर यायला आठवडे लागतात.

यात एक छान खूण आहे, रायबोसोममधल्या आरएनएच्या जीनच्या किती प्रती आहेत ती. ई. कोलायकडे ७. क्षयाच्या जीवाणूकडे १. समुद्रात प्रचंड संख्येने असलेल्या पेलाजिबॅक्टरकडेही १, आणि त्याचा अख्खा जीनोम फक्त १३ लाख बेसपेअर्सचा, स्वतंत्र जगणाऱ्यांमध्ये सगळ्यात लहानांपैकी. त्याला हळू म्हणून हिणवायचं तर पृथ्वीवरच्या सगळ्यात यशस्वी जीवाणूंपैकी एकाला हिणवल्यासारखं होईल. खुल्या समुद्रात अन्न कायमच चिमूटभर, तिथे ७ प्रती घेऊन करणार काय, रायबोसोम बनवून त्यांना काम कुठून देणार?

रायबोसोमचा हिशोब जुना आहे. १९५८ मध्ये कोपनहेगनला शेक्टर, मालो आणि केल्डगार्ड यांनी साल्मोनेला वेगवेगळ्या मीडियममध्ये वाढवून दाखवलं की वेग जितका जास्त तितकी पेशी मोठी आणि आरएनए जास्त. पेशीचं प्रोटीन बजेट ठरलेलं असतं. रायबोसोमला जास्त दिलं की अन्न खेचणाऱ्या प्रोटीन्सना, ताण सोसायच्या तयारीला कमी उरतं. आमची बटणं सुटी सुटी फिरवता येत नाहीत, ती एकमेकांना बांधलेली आहेत, हे कोडमध्ये कुठेच नाहीये अजून.

३० जानेवारी

केमोस्टॅट. नोविक आणि झिलार्ड यांनी १९५० मध्ये, मोनोने पण त्याच वर्षी. नवं मीडियम सतत थेंब थेंब आत, तेवढंच कल्चर बाहेर. इथे मेजवानी आणि उपास असं चक्र नाही, कायम अर्धपोटी. इथे जिंकतो कोण तर जो ग्लुकोज सगळ्यात खालच्या पातळीला नेऊनही टिकून राहतो.

उधळ्या: वेग १.०, के १. चाटूनपुसून खाणारा: वेग ०.६, के ०.१. प्रवाह तासाला ०.१ ठेवला तर उधळ्याला टिकायला ग्लुकोज ०.११ लागतं आणि दुसऱ्याला ०.०२ पुरतं, विषय संपला. प्रवाह वाढवत नेला तर पारडं ०.५५६ ला फिरतं, हे कागदावर पण काढलं आणि कोडमधून पण तेच आलं. ०.६ च्या वर तर दुसरा जितक्या वेगाने वाढतो त्याहून वेगाने वाहूनच जातो.

पंधरा मिनिटांत झालं हे. जरा कंटाळवाणं पण आहे, कारण उत्तर आधीच माहीत होतं.

४ फेब्रुवारी

उत्क्रांती म्हणावी अशी उत्क्रांती आजवर झालीच नव्हती, दोन तयार स्ट्रेन झुंजवत होतो नुसते. आज म्युटेशन घातलं. दर पिढीला थोड्या पेशींची बटणं किंचित इकडे तिकडे.

रात्रभर चालवलं आणि सकाळी बघितलं तर सगळी बटणं कमाल टोकाला. लॅग शून्य, वेग ढगात, यील्ड ढगात. पार्टनर म्हणाला, "अभिनंदन, तू देव बनवलास." अर्थात. जिथे कशाची किंमतच मोजावी लागत नाही तिथे सगळंच वाढणार.

आता किंमत कुठली लावायची यावर दोघांचं भांडण. मी म्हणत होते वेग वाढला की यील्ड घटलंच पाहिजे, सरळ रेषा. तो म्हणाला लेन्स्कीचा प्रयोग बघ आधी.

५ फेब्रुवारी

बघितला. रिचर्ड लेन्स्कीने २४ फेब्रुवारी १९८८ ला एकाच ई. कोलायपासून १२ फ्लास्क सुरू केले, लिटरला २५ मिलिग्रॅम ग्लुकोज, रोज १०० पट डायल्यूशन (शंभरावा भाग नव्या मीडियममध्ये), म्हणजे दिवसाला साधारण ६.६ पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी नमुने फ्रीझरमध्ये, ते परत जिवंत करून पूर्वज आणि वंशज समोरासमोर झुंजवता येतात. प्रयोग अजून चालू आहे, २०२२ पासून जेफ्री बॅरिक या शास्त्रज्ञाकडे.

पार्टनरचं म्हणणं बरोबर होतं. तिथे वेगही वाढला, लॅगही कमी झाला, आणि १२ ही फ्लास्कमध्ये पेशींचा आकारही वाढला. एक सुधारलं म्हणून दुसरं लगेच बिघडलं असं झालेलं नाही. पूर्वज त्या फ्लास्कसाठी बनलेलाच नव्हता, त्यामुळे आधी दोन्हीकडे सुधारायला जागा होती. सौदा लागतो तो जागा संपत आल्यावर. म्हणून किंमत रेषा म्हणून नको, भिंत म्हणून ठेवायची: भिंतीच्या आत कुठेही फिरा, भिंतीला टेकलात की एक वाढवायला दुसरं सोडा.

भिंत घातल्यावर सिम्युलेशन एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. पहिले काही आठवडे सगळं सुधारतं, मग भिंतीला लागून घसरत घसरत जातं आणि एका कोपऱ्यात स्थिरावतं. तो कोपरा कुठला, ते डायल्यूशन ठरवतं. यावर वेगळं लिहायचंय.

१० फेब्रुवारी

लॅग विरुद्ध वेग. आजपर्यंतचा माझा आवडता भाग.

लवकरउठ्या: लॅग १ तास, वेग ०.८. धावऱ्या: लॅग २ तास, वेग १.०. यील्ड सारखं.

१० पट डायल्यूशन: लवकरउठ्याला दहापट व्हायला ३.९ तास, धावऱ्याला ४.३. लवकरउठ्या जिंकला. १००० पट: लवकरउठ्या ९.६ तास, धावऱ्या ८.९. धावऱ्या जिंकला, आणि मोठ्या फरकाने. मग मध्ये कुठे? कागदावर: उशिरा उठण्याचा एक तास भरून काढायला जेवढी शर्यत लांब हवी तेवढी, म्हणजे डायल्यूशनचा नैसर्गिक लॉग (ln) ४ यायला हवा, म्हणजे साधारण ५५ पट. कोडमध्ये ५४ ला लवकरउठ्या, ५६ ला धावऱ्या. खुर्चीवरून उठले होते मी.

यातला विचार करण्यासारखा भाग हा की ५५ हा आकडा जीवाणूच्या आत कुठेच नाही. त्याच्या जीन्समध्ये काहीही शोधा, सापडणार नाही. पिपेटने किती घ्यायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात तो आहे. लेन्स्कीने १०० निवडले, ५० निवडले असते तर कदाचित वेगळ्याच गोष्टींवर जोर पडला असता.

मॅडमना वहीचं पहिलं पान दाखवलं, त्यांचा प्रश्न लिहिलेलं. म्हणाल्या, "मग आता उत्तर लिही त्याच्याखाली." लिहिलं: वेग मोजायचं घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते आधी सांगा. त्यांनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, पण प्लॉटच्या अक्षांबद्दलही काही बोलल्या नाहीत, ते मी चांगलं म्हणून घेतलं.

१५ फेब्रुवारी

झोपाळू असण्यातच शहाणपण कधी असतं ते आज. २०१४ चा पेपर, नताली बालाबान यांच्या लॅबमधला, जेरुसलेम. ई. कोलायला रोज ठरलेल्या तासांसाठी अँपिसिलिन हे अँटिबायोटिक द्यायचं, कुणाला ३ तास, कुणाला ५, कुणाला ८, मग धुऊन नवं मीडियम. अँपिसिलिन वाढणाऱ्या पेशीलाच मारतं, ती आपली पेशीभिंत बांधत असताना. थोड्याच दिवसांत ज्या पेशी आल्या त्यांचा लॅग जवळपास औषधाच्या तासांएवढा झाला होता. औषध सोसायची ताकद आलेली नव्हती, ते जाईपर्यंत झोपून राहायचं तेवढं जमलं होतं.

आम्ही ५ तासांचं घातलं. लॅगमध्ये असलेली पेशी सुरक्षित, उठलेली पेशी मरते. लॅग ५ पेक्षा कमी असला तर कत्तल, जास्त असला तर औषध गेल्यावरही झोपून राहिल्याचा तोटा. टोक बरोबर ५ ला आलं, पण दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही: लवकर उठण्याची शिक्षा उशिरा उठण्यापेक्षा खूप मोठी. त्यामुळे एकाच स्ट्रेनच्या पेशींमध्ये लॅगचा थोडा फरक ठेवला की फायद्याची सरासरी ५ च्या किंचित पुढे सरकते. गजर थोडा उशिराचाच लावावा तसं.

१६ फेब्रुवारी

पार्टनरने मृत्यूदराचं पाचवं बटण आणलंच शेवटी. फ्लास्क दिवसभराऐवजी १० दिवस तसाच ठेवायचा. १९९३ मध्ये कोल्टरच्या लॅबने दाखवलं होतं की १० दिवस उपाशी राहिलेल्या कल्चरमधल्या पेशी एका दिवसाच्या ताज्या कल्चरमध्ये थोड्याशा टाकल्या तरी त्या ताज्यांना हटवून ताबा घेतात. त्यांच्यात आरपीओएस या जीनमध्ये म्युटेशन सापडलं, हे जीन एरवी उपासाच्या काळात पेशीला बचावाच्या पवित्र्यात नेतं. म्हणजे सगळे दार लावून बसलेत आणि हे मेलेल्यांच्या अवशेषांवर वाढतायत. आमच्या मॉडेलमध्ये मेलेल्या पेशी नुसत्या गायब होतात, त्या अन्न होत नाहीत. दुरुस्त करायला दोन दिवस जातील. पार्टनर करतोय, मी हात लावणार नाही.

२० फेब्रुवारी

आणखी एक भोक. आमच्याकडे कायम एकच जण जिंकतो. खऱ्या प्रयोगांत तसं होत नाही. १९८७ मध्ये हेलिंग, वर्गास आणि अ‍ॅडम्स यांनी एकाच पेशीपासून सुरू करून ग्लुकोजवर केमोस्टॅट चालवला आणि आत एकापेक्षा जास्त प्रकार एकत्र नांदताना सापडले. एक ग्लुकोज हावरटासारखं खाऊन अ‍ॅसिटेट टाकतो, दुसरा ते अ‍ॅसिटेट उचलतो. लेन्स्कीच्या एका फ्लास्कमध्येही असे दोन वंश हजारो पिढ्या शेजारी शेजारी आहेत.

आणि रेनी-ट्रॅव्हिसानोचा १९९८ चा प्रयोग तर इतका साधा की हेवा वाटतो: स्यूडोमोनास फ्लुरेसन्स, एक फ्लास्क हलवत ठेवा, एक न हलवता. न हलवलेल्यात थोड्याच दिवसांत तीन प्रकार, त्यातला एक सुरकुत्यावाला, पृष्ठभागावर सेल्युलोजची चटई विणून हवेजवळ बसणारा. हलवत ठेवलेल्यात तसे प्रकार टिकत नाहीत. हलवणं बंद केल्यावर एका फ्लास्कमध्ये जागा किती निर्माण झाल्या!

अ‍ॅसिटेट घातलं कोडमध्ये. घाई अ‍ॅसिटेट टाकते, तिसरा प्रकार ते खातो. पहिल्यांदाच दोन रेषा शून्यावर न जाता समांतर गेल्या. मी तो प्लॉट लॅपटॉपच्या वॉलपेपरला लावलाय.

२५ फेब्रुवारी

शेवटचा प्रयोग. डायल्यूशन रोज तेच का? एक दिवस १० पट, एक दिवस १००० पट, आलटून पालटून. १० ला लवकरउठ्या जिंकतो, १००० ला धावऱ्या, म्हणजे दोघेही टिकतील असं मला पक्कं वाटत होतं, पार्टनरशी पैज पण लावली.

हरले. धावऱ्या निवांत जिंकला. आणि विचित्र म्हणजे दर दुसऱ्या दिवसाचे पॉइंट रोज १०० पटीच्या जुन्या रेषेवर जवळजवळ जाऊन बसले. आधी वाटलं जुनीच फाइल परत प्लॉट केली. तीनदा तपासलं. नाही.

२६ फेब्रुवारी

कागदावर काढल्यावर कळलं. एका दिवसाचा फायदा-तोटा डायल्यूशनच्या लॉगवर सरळ रेषेत अवलंबून आहे, आणि १० व १००० यांच्या लॉगची सरासरी म्हणजे १०० चा लॉग. म्हणजे आमच्या जीवाणूला आलटून पालटून मिळालेले दिवस कळतच नाहीत, त्याला फक्त गुणाकाराने काढलेली सरासरी दिसते.

मग पार्टनर म्हणाला १० आणि १०० घे. १० आणि १०० ची साधी सरासरी ५५! आमचा तोच उंबरठ्याचा आकडा, अगदी दशांशात बघितलं तर उंबरठा ५४.६, म्हणजे साध्या सरासरीने धावऱ्या अगदी केसाने जिंकायला हवा. गुणाकाराची सरासरी मात्र ३१.६, त्या हिशोबाने लवकरउठ्या. चालवायच्या आधी दोघांनी आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवलं. दर दोन दिवसांनी धावऱ्या लवकरउठ्याच्या तुलनेत वीस-पंचवीस टक्क्यांनी मागे पडत गेला आणि महिन्याभराच्या ट्रान्सफरमध्ये दिसेनासा झाला.

चिठ्ठ्या उघडल्या. दोन्हींवर लवकरउठ्याच होता, त्यामुळे कालची पैज फिटली नाही ती नाहीच.